उघाडी

गणू खळ्यांच्या मागे खारबंदीची उघाडी
शेवंती सांभाळते, त्यांची सून.
भरती चढू लागली की फळी पाडायची,
ओहोटीला उचलायची. एवढंच.
एकदा विसरली तर आंजर्ल्याची खाडी मळ्यात,
आणि मग तीन पावसाळे भाताला मीठ.

कोजागरीच्या आदल्या रात्री
तिच्या तांबूला पान लागलं.
मी पोचले तेव्हा गाय गार पडत चालली होती.
विचारायला जीभ रेटेना, तरी विचारलं.
शेवंती म्हणाली, "न्या. पुरायचंच हाय.
तुमच्या कामाला येत आसंल तर न्या."
बांगड्यांसाठी हर्णैहून आणलेला बर्फ
शेजारच्या जैनबूने दिला, पैसे घेतले नाहीत.
त्या बर्फात तांबूचं गर्भाशय
पहाटेच्या वडापने दापोलीला आलं,
माझ्या मांडीवर, माशाच्या वासाच्या डब्यात.

आता ती एका चपट्या बाटलीत आहे.
साडेअडतीस अंश, गाईच्या अंगाची ऊब.
अस्तराच्या पेशी फरशीसारख्या
एकमेकींना खेटून बसल्या आहेत,
आणि गाय उरली नाही
हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाशय विचारतं:
आत कोणी आहे का?
उत्तर नाही आलं तर पीतपिंड विझवायचा,
पुन्हा माजावर यायचं, पुन्हा वाट.
हे विचारणं चरबीच्या भाषेत चालतं.
पेशीच्या पडद्यातून वीस कार्बनची दोरी सुटते,
एक एन्झाइम तिला मधोमध गाठ मारतं,
आणि होतो एच. फार टिकत नाही बिचारा.
ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो.

एका विकराच्या हाती लागला तर ई.
ई म्हणते, राहा.
दुसऱ्याच्या हाती लागला तर एफ.
एफ म्हणते, मोडा.
एकाच आईच्या दोघी. फरक विचाराल
तर दोन हायड्रोजन.
दहा वर्षं मी हे फळ्यावर लिहिते आहे
आणि अजून त्या दोनपाशी खडू अडतो.
(एक तिसरं विकरही आहे,
झालेल्या "राहा"चं "मोडा" करणारं.
त्याच्याविषयी मुलं परीक्षेत लिहीत नाहीत.)

मंगळवारी एका बाटलीत ऑक्सिटोसिन घातलं.
सहा तासांनी एफचा आकडा चौपट.
दुसऱ्या बाटलीत त्याआधी चार थेंब घातले,
वासरू दिसण्याइतकं होण्याआधी जे प्रथिन पाठवतं
त्या प्रथिनाचे. तिथे एफ गप्प.
मी आकडे दोनदा तपासले.
तांबू नाही, वळू नाही, वासरू तर नव्हतंच,
तरी निरोप पोचला.

रात्री वीज गेली. इन्व्हर्टर थोडा वेळ
टिटवीसारखा ओरडला आणि मेला.
आकडा उतरू लागला. अडतीस. साडेसदतीस.
मला दुसरं काही सुचलं नाही,
बूच घट्ट करून बाटली ओढणीखाली पोटाशी धरली,
तेव्हा लक्षात आलं, माझं अंग सदतीस.
दीड अंशाने मी कमी पडते.

अंधारात शेवंतीचा फोन.
"डाक्टरीनबाय, तांबूची काय खबर?"
दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची विचारावी तशी.
काय सांगायचं? म्हटलं,
"ऐकतेय अजून."
तिला ते पुरलं असावं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही,
तिच्या मागे पाणी चढत होतं.
"थांबा वाईच, भरती लागली."
फोन तिने बांधावरच ठेवला.
अनवाणी पावलं, मग फळी खाचेत उतरताना
लाकडावर लाकूड.
मग खाडी, बाहेरून.